ऑइलचा ठराव

आमच्या घरात कुठलीही गोष्ट नुसती ठरत नसे. ती आधी मांडली जाई, तिला सूचक लागे, अनुमोदक लागे, मग तिच्यावर सांगोपांग चर्चा होई आणि एवढं होऊनही ती बहुधा पुढच्या रविवारपर्यंत तहकूब राही. बाबा पेठेतल्या चार संस्थांचे चिटणीस होते. एक वाचनालय, एक व्याख्यानमाला, एक व्यायामशाळा, आणि चौथी अशी संस्था जिचा उद्देश त्यांनाही धड सांगता येत नसे. चार ठिकाणची इतिवृत्तं लिहून त्यांचं मन भरत नसावं, म्हणून त्यांनी घरातही दर रविवारी साडेचारला सभा सुरू केली होती. अध्यक्ष ते स्वतः. सभासद म्हणजे काका, बाबांचे धाकटे भाऊ, सरकारी कचेरीत कारकून, लग्न न केलेले, आमच्याकडेच राहणारे. मी दहावी पास झाले तेव्हा मला पेढ्याबरोबर मताधिकारही मिळाला आणि अक्षर बरं म्हणून इतिवृत्ताची वहीही. आई 'निमंत्रित' होती. म्हणजे तिने चहा करायचा, दडपे पोहे करायचे, आणि विचारलं तर माहिती द्यायची. गॅलरीतली कपड्यांची दोरी किती उंचीवर बांधावी यावर आमच्या सभेने तीन रविवार घातले होते. शेवटी ती जिथे होती तिथेच राहिली आणि आई रोज स्टुलावर चढून कपडे वाळत घालत राहिली.

लोकांना हे सांगितलं की ते हसतात. मीही हसते, पण मला मनातून चीडच येते, आजही. विक्षिप्तपणाचं कौतुक बाहेरच्यांना करता येतं. ज्याला त्या विक्षिप्तपणाला चहा करून द्यावा लागतो त्याला विचारा.

नारायण पेठेत आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहत होतो. खाली छापखाना होता. सकाळी नऊला त्याचं यंत्र सुरू झालं की आमच्या फडताळातल्या कपबशा बारीक किणकिणू लागत आणि संध्याकाळी सहाला यंत्र थांबलं की एकदम कान उघडल्यासारखं वाटे. आईचा कान त्या आवाजावर बसलेला होता. एकदा पोळ्या लाटता लाटता ती म्हणाली, "आज डावीकडचा पट्टा सैल झालाय त्यांचा." आणि खरोखरच तासाभराने यंत्र बंद पडलं, छापखान्याचे मालक हात पुसत वर आले आणि म्हणाले, "वहिनी, तुम्ही आधी सांगायचंत." आई म्हणाली, "मला विचारलं कुणी?" ती हे हसत म्हणाली होती. तिच्या हातच्या पोळ्या, चिंचगुळाची आमटी, उन्हाळ्यात आंबेडाळ, सगळं घड्याळाच्या आधी तयार असे, कारण सव्वादहाला तिला शाळेत पोहोचायचं असे. आमच्यापासून चार गल्ल्यांवर असलेल्या शाळेत ती सतरा वर्षं गणित आणि विज्ञान शिकवत होती.

गाडी आईची होती, हे इथेच लिहून ठेवते, कारण पुढे सगळे हे विसरले. ती मूळची मामाची. तो परदेशी गेला तेव्हा किल्ली आईच्या हातात ठेवून गेला. तिला चालवायला त्यानेच शिकवलं होतं, लग्नाच्या आधी. बाबांना आणि काकांना गाडी चालवता येत नव्हती. दोघं सायकलवर जात. बाबा गाडीत आईच्या शेजारी बसत आणि वळणावर हात बाहेर काढून इशारा करत, एवढाच त्यांचा गाडी चालवण्याशी संबंध. गाडी आमच्याकडे आली तेव्हाच चांगली वापरलेली होती. त्या गाड्यांच्या मीटरवर आकडे पाचच असत, त्यामुळे एक लाख किलोमीटर झाले की मीटर पुन्हा शून्यावर येई. आमच्या मीटरवर तेवीस हजार दिसत. म्हणजे खरे एक लाख तेवीस हजार, निदान तेवढे तरी.

अशा म्हाताऱ्या गाडीचं आईला सगळं कळायचं. दर रविवारी सकाळी ती बॉनेट उघडून तेल मोजायची पट्टी काढायची, फडक्याने पुसायची, पुन्हा आत घालायची, मग माझ्यासमोर धरायची. "बघ, खालच्या खुणेच्या वर आहे ना? आणि बोटांत घेऊन बघ. पाण्यासारखं लागतंय की मधासारखं?" गाडी सुरू करून ती मला शेजारी उभी करायची. थंड असताना एक आवाज, गरम झाल्यावर दुसरा. गरम झाल्यावर आतून बारीक टकटक यायला लागली तर तेल पातळ पडलंय, असं तिने मला त्या गल्लीत उभं राहून शिकवलं. तिला ते धायरीच्या तुकाराम मिस्त्रीने शिकवलं होतं. धायरी तेव्हा गाव होतं. चिंचेच्या झाडाखाली पत्र्याची शेड, तिथे मिस्त्री पाटावर बसून काम करायचे. ते आईला म्हणाले होते, "वहिनी, ह्ये इंजिन म्हातारं हाय. रिंगा झिजल्यात. पातळ ऑइल घालाल तर निम्मं जळून जाईल, आन् राह्यलेलं दाब धरणार न्हाई. पन्नास नंबर घाला. दर आठवड्याला पट्टी बघा, कमी दिसलं की वरनं घाला. बास, आजून धा वर्सं कुटं जात न्हाई." तेव्हापासून आई पन्नास नंबरचं जाड ऑइल घालायची आणि त्याचीच एक बाटली डिकीत जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळून ठेवायची. गाडी सकाळी सुरू व्हायला जरा कुरकुरायची, पण एकदा सुरू झाली की तक्रार नाही. मागून निघणारा निळा धूरही जवळजवळ बंद झाला होता. हे सगळं ठराव वगैरे न होता झालं होतं. म्हणून बिनबोभाट झालं होतं.

त्या उन्हाळ्यात आईची शाळा चालवणाऱ्या संस्थेने तिला मुख्याध्यापिका केलं. कात्रजच्या घाटापलीकडे एका गावात त्यांची नवी शाळा होती, तिथे. मात्र शाळा सकाळची. साडेसातला प्रार्थना, आणि प्रार्थनेला मुख्याध्यापक हजर असलेच पाहिजेत, हा संस्थेच्या अध्यक्षांचा आग्रह. पहिली एसटी तिथे सव्वाआठला पोहोचायची. अध्यक्षांनी आईला समोर बसवून विचारलं, "तुमच्याकडे गाडी आहे ना? मग हरकत नाही. नसती तर आम्हाला त्या गावातल्याच सरांचा विचार करावा लागला असता." आई घरी आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही फारसं नाही. तिने सांज्याच्या पोळ्या केल्या. मधेच लाटणं हातात तसंच धरून ती मला म्हणाली, "तिथे प्रयोगशाळेला वेगळी खोली आहे, उमे. वेगळी खोली."

मग बाबांना ती बाटली सापडली. घाटाचा रोजचा प्रवास म्हणजे गाडीची नीट तयारी हवी, असं म्हणून त्यांनी डिकी तपासायला घेतली आणि टॉवेल उलगडला. बाटलीवरचा आकडा त्यांनी वाचला, वर जाऊन गाडीबरोबर आलेलं कंपनीचं पुस्तक काढलं, आणि त्यातला तक्ता बोटाने शोधून म्हणाले, "इथे तर तीस नंबर लिहिलंय. हे पन्नास कुणाच्या परवानगीने?"

"मिस्त्रींनी सांगितलं," आई म्हणाली. "आणि अहो, गाडी चांगली चाललीय की."

"ज्याने इंजिन बनवलं त्याला जास्त कळतं, की धायरीत पाटावर बसणाऱ्याला?"

"बनवलं तेव्हा ते नवं होतं."

बाबांनी पुस्तक मिटलं. विषय रविवारच्या सभेवर घ्यावा, एवढंच त्यांनी मला सांगितलं.

पुढचे दोन आठवडे घरात दुसरा विषय नव्हता. बाबांनी वाचनालयात येणाऱ्या प्रत्येक माणसाला इंजिन ऑइलवर बोलतं केलं. रसायनशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक येऊन तेलाचा दाटपणा म्हणजे काय यावर तासभर बोलले आणि जाताना म्हणाले की त्यांनी स्वतः कधी गाडी बाळगलेली नाही. काकांनी तर वेगळंच काढलं. नव्या गाड्या तेव्हा नुकत्याच रस्त्यावर दिसायला लागल्या होत्या आणि त्यांत एक नवं, पातळ, महागातलं तेल घालतात असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. "वहिनी, जग पातळाकडे चाललंय," ते म्हणाले. "जाड तेल म्हणजे इंजिनाच्या छातीवर दगड. आधी इंजिन आतून स्वच्छ धुवायचं आणि मग हे नवं घालायचं. गाडी कशी तरुण होते बघा." काकांच्या सायकलच्या साखळीला कधी तेल मिळालं नव्हतं. ते गल्लीत वळले की आम्हाला घरात कळायचं.

आता मी स्वतः धायरीत राहते, सातव्या मजल्यावर. मिस्त्रींची शेड नक्की कुठे होती ते मला शोधूनही सापडलेलं नाही. माझी गाडी चौदा वर्षांची आहे, दीड लाखाला टेकलीय. मागच्या महिन्यात सर्व्हिसिंगला नेली तर काउंटरवरचा मुलगा स्क्रीनकडे बघत म्हणाला, "मॅम, तुमची गाडी हाय मायलेज आहे, सो आपण फुल्ली सिंथेटिक टाकू या, बेस्ट राहील." मी विचारलं, कुठल्या ग्रेडचं? गाडी तेल खाते का ते पाहिलंत का? खालून गळतंय का? गरम झाल्यावरचा आवाज कुणी ऐकला का? तो जरा गडबडला आणि म्हणाला, "सरांना एकदा कॉल करून कन्फर्म करता का?" मी म्हटलं, "सर वर गेलेत. तिथे रेंज नाही." मला कुणी सल्ला विचारत नाही, पण माझं मत असं, की जुन्या गाडीचं मीटर बघण्याआधी तिची पट्टी बघावी, धुराचा रंग बघावा, आवाज ऐकावा. काही बिघाड नसेल तर पुस्तकात लिहिलेलंच तेल घालावं, उगीच जाड घालण्यातही शहाणपण नाही. तेल जळत असेल, दाब पडत असेल, तर एक पायरी जाड. आणि जो ती गाडी रोज चालवतो त्याला आधी विचारावं. एवढं कळायला रसायनशास्त्र लागत नाही.

तर तो रविवार. दडपे पोहे झाले, चहा आला. बाबांनी चष्मा पुसला आणि मला म्हणाले, "विषय क्रमांक एक. वाहनासाठी इंजिन ऑइलची निवड." मी लिहिलं. बाबांनी पुस्तकातलं तीस नंबर मांडलं. काकांनी ते नवं पातळ मांडलं, इंजिन धुण्यासकट. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती म्हणाली, "मी एक सांगू का? गाडी एक लाख तेवीस हजार चाललीय. त्या पुस्तकातलं..."

"मीटरवर तेवीस हजार आहेत," बाबा म्हणाले.

"अहो, ते फिरून आलेत. तुम्हालाही ठाऊक आहे."

"मला ठाऊक असण्याचा प्रश्न नाही. सभेपुढे जो आकडा येतो तो मीटरवरचाच येतो. उद्या कुणी दोन लाख म्हणेल."

"बरं. मग माझं मत तरी लिहा. पन्नास नंबरच राहू दे."

बाबांनी पेनाच्या टोपणाने टेबलावर टकटक केलं आणि त्यांच्या सभेतल्या आवाजात, आईला 'आपण' म्हणत, ते जे बोलले ते मला आजही तोंडपाठ आहे. "आपल्याला मत देता येणार नाही. गाडी आपण चालवणार, नोकरी आपली. या विषयात आपला हितसंबंध गुंतलेला आहे. ज्याचा हितसंबंध आहे त्याने मतदानापासून दूर राहावं, हा सगळीकडचा नियम आहे. मी वाचनालयात स्वतःच्या भावाच्या वर्गणीवर सुद्धा मत दिलेलं नाही. काय रे?"

काका म्हणाले, "खरं आहे. तेव्हा माझी वर्गणी माफ झाली नाही."

हे वाचताना कुणाला वाटेल की बाबा दुष्ट होते. तसं असतं तर बरं झालं असतं, सरळ भांडता आलं असतं. ते मनापासून न्यायी होते. त्या क्षणी आपण बायकोच्या बाजूने झुकलो नाही याचं त्यांना समाधान वाटत होतं, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. अशा न्यायी माणसाशी भांडायचं कसं ते मला या वयातही कळलेलं नाही.

एक मत तिसासाठी, एक मत पातळासाठी. राहिलं माझं. दोघंही माझ्याकडे बघत होते. आता मी सोळा वर्षांची होते हे खरं, पण पट्टीवरचं तेल बोटांत घेऊन मी पाहिलेलं होतं. टकटक मी ऐकलेली होती. आई बरोबर आहे हे मला या दोघांपेक्षा नक्की ठाऊक होतं. पण पन्नास नंबर मांडलं तर मी आईची बाजू घेतली असं झालं असतं, आणि सभेत बाजू घेणाऱ्याला बाबा 'भावनाप्रधान' म्हणत. मला भावनाप्रधान व्हायचं नव्हतं. मला हुशार व्हायचं होतं. मी वहीतून मान वर केली आणि म्हणाले, "मी एक उपसूचना मांडते. दोन्ही तेलं सम प्रमाणात मिसळून घालावीत."

काकांनी मांडीवर थाप मारली. "वा! पोरगी वकील होणार." बाबा हसले, आणि बाबा सभेत कधी हसत नसत. ठराव सर्वानुमते मंजूर झाला. त्याला जोडून आणखी एक झाला, की डिकीतली अनधिकृत बाटली काढून टाकावी, म्हणजे चुकून त्यात तिसरं तेल मिसळलं जाणार नाही. तोही मीच लिहिला, वळणदार अक्षरात. तिसरं तेल मिसळू नये, हे एवढं मात्र आमच्या सभेला सुचलं.

इंजिन धुतलं गेलं. मिस्त्रींकडे नाही, बाबांच्या ओळखीच्या एका गॅरेजात. ठरावाप्रमाणे अर्धं-अर्धं तेल पडलं. गाडी सकाळी एका झटक्यात सुरू व्हायला लागली आणि काका दिवसभर "ऐकलंत?" म्हणत फिरले. आईने पट्टी काढली, तेल बोटांत चोळलं, फडक्याला पुसलं. मी विचारलं, "मधासारखं आहे का?" तर म्हणाली, "नाही," आणि बॉनेट बंद केलं.

माझं कॉलेज अजून सुरू व्हायचं होतं म्हणून शाळेच्या पहिल्या दिवशी मी तिच्याबरोबर गेले. आईने अबोली रंगाची सुती साडी नेसली होती, इस्त्री कडक. साडेसहाला आम्ही कात्रजची दूध डेअरी ओलांडली, दुधाच्या गाड्या आत वळत होत्या. घाट सुरू झाला. दुसऱ्या वळणावर आईने डोकं जरा कलतं केलं. मलाही ऐकू आलं. आधी बारीक, मग प्रत्येक चढाला मोठं होत जाणारं टकटक. चौथ्या की पाचव्या वळणावर ऑइलची लाल बत्ती लागली.

आईने लगेच कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. बॉनेट उघडलं, थोडं थांबून पट्टी काढली. तेल खालच्या खुणेच्याही खाली गेलं होतं आणि जे होतं ते पट्टीवरून पाण्यासारखं ओघळत होतं. एका आठवड्यात इतकं जळलं होतं. ती डिकीकडे गेली. सवयीनेच गेली असणार, कारण डिकी उघडून तो रिकामा कोपरा बघितल्यावर ती क्षणभर तशीच उभी राहिली. मग तिने डिकी हळूच बंद केली. चढावर रखडत जाणारे ट्रक आमच्यासाठी थांबणं शक्यच नव्हतं. सात वाजायला आले होते.

"आई, आता?"

"बोगदा किलोमीटरभरावर असेल. तिथवर चढली की पुढे उतारच आहे."

"पण बत्ती लागलीय ना? तूच म्हणालीस, बत्ती लागली की एक पाऊल पुढे न्यायची नाही."

"हो," ती म्हणाली. "न्यायची नसतेच." आणि तिने गाडी सुरू केली.

तो किलोमीटरभर मी आयुष्यात विसरणार नाही. आतून कुणी हातोडी घालतंय असा आवाज येत होता आणि आईचा चेहरा प्रत्येक ठोक्याला आवळत होता. ती ते इंजिन जाणूनबुजून मारत होती, आणि ते तिच्याइतकं कुणाला कळत नव्हतं. बोगद्याच्या पलीकडच्या तोंडाशी एक मोठा ठोका बसला आणि आवाज बंदच झाला. तिने क्लच दाबून धरला. गाडी आपोआप उताराला लागली. इंजिनाचा आवाज नाही, फक्त चाकांची सळसळ आणि खिडकीतून येणारा वारा. सगळा घाट आम्ही तसा उतरलो, ब्रेकवर. खाली सपाटीवर गाडी हळू होत होत एका बाभळीपाशी थांबली. आईने हँडब्रेक ओढला, पर्स घेतली, दार लावून घेतलं आणि आम्ही चालायला लागलो.

शाळेत पोहोचलो तेव्हा आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. प्रार्थना गावातल्या त्या सरांनी घेतली होती. अध्यक्ष फाटकातच उभे होते. रागावले नाहीत. "या बाई," म्हणाले, "प्रार्थना उरकली. चहा घ्या." आईच्या साडीला गुडघ्यापर्यंत लाल धूळ होती. चहा घेताना ते म्हणाले, "गाडी आहे म्हणूनच आपलं ठरलं होतं. बघा, काही करता आलं तर." तीन आठवडे ती एसटीने गेली आणि रोज सव्वाआठला पोहोचली. चौथ्या आठवड्यात 'प्रवासाच्या अडचणीमुळे' तिला परत पेठेतल्या शाळेत, तिच्या जुन्या वर्गावर पाठवल्याचं पत्र आलं. पत्र सभ्य होतं. तेही बाबांच्या भाषेत होतं.

गाडी पहिल्याच आठवड्यात ट्रकला बांधून धायरीला नेली होती. मिस्त्रींनी इंजिन खोललं आणि बेरिंगचे चंदेरी तुकडे हातावर घेऊन आईला दाखवले. "पार वितळल्यात वहिनी. पाण्यावानी तेल व्हतं त्यात. म्या सांगितलं व्हतं न्हवं?" बाबा शेजारीच उभे होते. ते म्हणाले, "इंजिन जुनंच होतं." मिस्त्री म्हणाले, "व्हय की. म्हणूनच तर सांगितलं व्हतं."

त्या रविवारी साडेचारला सभा भरली. होय, भरली. बाबांनी मला लिहायला सांगितलं, की वाहनाच्या यंत्रात झालेल्या बिघाडाबद्दल ही सभा खेद व्यक्त करीत आहे. मी लिहिलं नाही. मी म्हटलं, "आईने आधी सांगितलं होतं, तेही यायला हवं. पन्नास नंबर राहू दे म्हणाली होती ती." बाबा शांतपणे म्हणाले, "ते मांडलं गेलं नव्हतं. जे रीतसर मांडलं जात नाही ते इतिवृत्तात येत नाही." मी वही आपटली, रडले, आरडाओरडा केला, काकांना वाटेल ते बोलले. बाबा माझं होईपर्यंत थांबले आणि म्हणाले, "सभा तहकूब." त्यानंतर मी त्या वहीला हात लावला नाही. पुढची इतिवृत्तं काकांनी लिहिली, आणि त्यांचं अक्षर कुणाला लागत नसे, त्यामुळे पुढच्या दोन-तीन वर्षांचे आमचे ठराव काय होते हे आता कुणालाच सांगता येणार नाही.

माझा राग बाबांवर होता, काकांवर होता, त्या अध्यक्षांवर होता. कितीतरी वर्षं तो मी तिथेच ठेवला, कारण तिथे तो सोयीचा होता. बाबा गेले, काका गेले. मी माझी पहिली गाडी घेतली तेव्हा आई सत्तरीला आली होती. तिला शेजारी बसवून मी खडकवासल्यापर्यंत नेलं. परत येताना ती म्हणाली, "आवाज चांगला आहे हिचा." मग मला राहवलं नाही. मी विचारलं, "आई, तेव्हा तू जोरात का नाही बोललीस गं? तुला सगळं कळत होतं. त्या दारात नुसती उभी काय राहिलीस?"

"बोलले की. मत नाही म्हणाले."

"म्हणून गप्प बसायचं?"

आई खिडकीबाहेर बघत होती. तशीच म्हणाली, "गप्प कुठे बसले? तुला मत होतं ना. मी तुझ्याकडे बघत होते."